राजगडावर एक वर्ष: निसर्गछायाचित्रणातील चौकटरचना शिकण्याची एक पद्धत

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी मी पहिल्यांदा तोरणा पाहिला, तेव्हा तो समोरचे सगळे आकाश अडवून बसल्यासारखा वाटला होता. घरी येऊन छायाचित्रे उघडली, तर त्यांत तोरणा होता, संजीवनी माची होती, ढग होते, खालची भातखाचरे होती, आणि तरीही त्या संध्याकाळचे काहीच नव्हते; ज्या डोंगराने डोळे भरून गेले होते तो चौकटीच्या मध्यावर एखाद्या उंचवट्याएवढा उरला होता. कॅमेरा बिघडलेला नव्हता आणि प्रकाशही चुकलेला नव्हता. राजगड आणि तोरणा यांच्यात सरळ रेषेत साधारण ७ किलोमीटरचे अंतर आहे आणि तोरण्याचा माथा भोवतालच्या खोऱ्यापासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. हा हिशेब मांडला की लक्षात येते, २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्समधून, म्हणजे जवळजवळ मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यातून, आडव्या चौकटीत तोरणा उंचीची जेमतेम एक-दशांश जागा व्यापतो. आपला डोळा त्या एक-दशांशावर खिळतो आणि बाकीचे सारे विसरतो. लेन्सला विसरणे येत नाही.

डोळ्याने नकळत केलेली निवड कॅमेऱ्याकडून जाणीवपूर्वक करून घेणे, एवढाच चौकटरचनेचा अर्थ मी धरतो. ही निवड उभे राहण्याची जागा, दिवसाची आणि वर्षाची वेळ, आणि चौकटीतून काय गाळायचे याचा निर्णय या तीन गोष्टींनी होते. या तिन्ही गोष्टी एका जागी पुन्हापुन्हा गेल्यानेच शिकता येतात, असे माझे ठाम मत आहे. वर्षात पन्नास किल्ले पाहणाऱ्याकडे पन्नास किल्ल्यांची पहिली भेट जमते. पण पहिल्या भेटीत आपण जागा ओळखण्यातच गुंतलेलो असतो, आणि रचनेचा विचार साधारण तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून सुरू होतो. म्हणून ही पद्धत एकाच किल्ल्यावर वर्षभराच्या बारा भेटींसाठी मांडली आहे.

राजगड मी निवडला त्याला कारण आहे. रायगडाच्या आधी पाव शतकाच्या आसपास शिवछत्रपतींची राजधानी असलेला हा किल्ला जुलै २०२५ मध्ये इतर ११ किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, हा त्याचा मान आहेच. परंतु शिकणाऱ्या छायाचित्रकाराच्या दृष्टीने त्याची आखणी अधिक मोलाची आहे. मधोमध बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेच्या अंगाला सुवेळा माची आणि पश्चिमेच्या अंगाला संजीवनी माची, असे त्याचे हात वेगवेगळ्या दिशांना पसरलेले आहेत, त्यामुळे दिवसाच्या कोणत्याही वेळी कुठल्या ना कुठल्या अंगावर चांगले तिरपे ऊन असते. ज्यांना राजगड लांब पडतो त्यांनी आपापल्या जवळची जागा घ्यावी. नाशिककरांना अंजनेरी आहे, कोल्हापूरकरांना पन्हाळा आहे, आणि कोकणातल्या माणसाला घरामागचा सडा आणि पुढची खाडी पुरेशी आहे. अट एकच, की तिथे वर्षातून बारा वेळा पोचता आले पाहिजे.

साधनांविषयी फार बोलण्यासारखे नाही. हातात असलेला फोन किंवा कोणताही लेन्स बदलता येणारा कॅमेरा चालेल. ट्रायपॉड असावा, कारण तो प्रकाश कमी असताना उपयोगी पडतो, आणि त्याहीपेक्षा तो आपल्याला थांबवतो म्हणून. पहिल्या चार भेटींत एकाच लेन्सवर काम करावे आणि पुढे दिलेला एक प्रयोग सोडला तर झूमला हात लावू नये.

पहिली भेट

पहिल्या भेटीत किल्ला पूर्ण फिरावा आणि छायाचित्रे काढू नयेत, किंवा अगदीच राहवत नसेल तर केवळ आठवणीसाठी काढावीत. खिशात वही ठेवावी. गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढावे किंवा पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी यावे, पण चढताना जिथे पाय आपोआप थांबतात त्या जागा टिपून ठेवाव्यात. पाय थांबण्याला नेहमी काहीतरी कारण असते. ते कारण एका पूर्ण वाक्यात लिहिण्याची सवय लावून घ्यावी. ‘संजीवनी माची सुंदर दिसते’ हे वाक्य कामाचे नाही, कारण त्यातून काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरत नाही. ‘माचीचा तट डोंगराच्या धारेवरून सापासारखा वळत खाली उतरतो’ हे वाक्य कामाचे आहे, कारण त्यात वळण आहे, उतार आहे आणि धार आहे. या तिन्हींना ज्याची मदत होत नाही ते चौकटीबाहेर गेले पाहिजे, मग ते आकाश असो, बाजूची झाडे असोत की लांबचा जलाशय असो.

पुढच्या सगळ्या भेटींत शटर दाबण्यापूर्वी हे वाक्य मनाशी म्हणावे. वाक्यात ‘आणि’ दोनदा आले तर बहुधा तिथे दोन वेगळी चित्रे दडलेली असतात.

पायांनी होणारी रचना

जागा बदलल्याने काय घडते हे समजण्यासाठी एक प्रयोग करावा, आणि तो वाचून सोडून देऊ नये. संजीवनी माचीवर एखादा पडका बुरूज निवडावा, त्यापासून २ मीटरवर उभे राहून बुरूज आणि मागचा तोरणा एका चौकटीत घ्यावा. मग त्याच रेषेत मागे सरकत ४ मीटरवर जावे आणि पुन्हा चित्र घ्यावे. बुरूज दुसऱ्या चित्रात निम्म्या आकाराचा होतो, पण ७ किलोमीटरवरच्या तोरण्याला आपल्या २ मीटरचा पत्ताही लागत नाही. तो होता तेवढाच राहतो. आता ४ मीटरवरूनच दुप्पट झूम करावा. बुरूज पुन्हा पहिल्याएवढा होतो आणि तोरणा मात्र दुप्पट मोठा होतो. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचे परस्परांशी असलेले प्रमाण केवळ पायांनी ठरते, आणि झूमने फक्त त्यातला किती भाग कापून घ्यायचा ते ठरते. दुर्बिणीसारख्या लांब लेन्सने डोंगर ‘जवळ आणले’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर आपण जवळच्या वस्तूपासून लांब गेलेलो असतो.

हे एकदा अंगवळणी पडले की माझ्या त्या पहिल्या संध्याकाळच्या चित्राचे दोन उपाय दिसू लागतात. एक उपाय असा, की तोरणाच विषय असेल तर १०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावावी; तिच्यात तोच डोंगर चौकटीच्या उंचीचा सुमारे ४० टक्के भाग व्यापतो आणि डोळ्याला वाटलेला त्याचा दबदबा परत येतो. दुसरा उपाय असा, की रुंद लेन्स ठेवायचीच असेल तर तोरण्याला विषय समजणे सोडून द्यावे, पायाशी असलेल्या तटाच्या दगडांना, गवताला किंवा साचलेल्या पाण्याला पुढे आणावे आणि डोंगराला मागे साक्षीदार म्हणून उभे करावे. या दोहोंच्या मध्ये राहिलेली चौकट फसते.

डावीकडे-उजवीकडे सरकण्याचेही असेच आहे. बालेकिल्ल्यावरून पाहताना माचीची रेघ थेट तोरण्याकडे जात नाही. माची पश्चिमेकडे उतरते आणि तोरणा तिच्या उजव्या अंगाला, वायव्येकडे झुकलेला आहे. नवशिक्याच्या चौकटीत त्यामुळे माची नजरेला डावीकडे ओढते, तोरणा उजवीकडे ओढतो आणि नजर मध्येच हरवते. इथे निवड करावी लागते. माची हवी असेल तर कॅमेरा उभा धरावा, तटाची रेघ खालच्या कोपऱ्याच्या थोडी आत सुरू होऊ द्यावी आणि तोरणा गाळण्याचे धैर्य दाखवावे. दोन्ही हवेच असतील तर ढगाचा एखादा पट्टा, किंवा माचीच्या टोकापासून तोरण्याकडे जाणारी एखादी सोंड, असा काहीतरी दुवा सापडेपर्यंत थांबावे. साधारण अडीच किलोमीटर लांब असलेली ही माची तीन टप्प्यांत उतरते, तिच्या दुहेरी तटांच्या दोन समांतर रेघा आहेत, आणि या दोन रेघांमधले अंतर पावलागणिक बदलते. तिथे तासभर नुसते मागेपुढे चालणे म्हणजे रेषांच्या अभ्यासाचा पूर्ण वर्ग आहे.

आकारांचे एकमेकांवर चढणे हा आणखी एक दोष बारकाईने पाहिला पाहिजे. बुरुजाचा माथा आणि मागच्या डोंगराची धार जर एकाच रेषेत आली, तर दोन्ही आकार चिकटून सपाट दिसतात. गुडघ्यावर बसल्याने बुरूज आकाशात वर येतो, दगडावर चढल्याने तो धारेच्या खाली जातो. दोन्ही चालेल, पण चिकटता कामा नये. माणूस चौकटीत असेल तर त्याचे डोके क्षितिजरेषेने कापले जात नाही ना, हे आधी पाहावे. चौकटीच्या चारही कडा नजरेने एकदा फिरून याव्यात. अर्धवट घुसलेली फांदी, सहकाऱ्याची पाठपिशवी, प्लास्टिकची बाटली हे सारे कडांवरच लपलेले असते.

सुवेळा माचीवरचे नेढे, म्हणजे खडकाला आरपार पडलेले भोक, हे चौकटीतल्या चौकटीचे सोपे उदाहरण म्हणून सगळेच टिपतात. तिथेही प्रश्न तोच आहे. नेढ्याच्या काळ्या कडेतून जे दिसते त्याला स्वतःचा आकार आहे का? नुसते पांढुरके आकाश दिसत असेल तर ती रिकामी खिडकी झाली. आत बसलेला एखादा माणूस, त्याच्या पलीकडे दोन डोंगररांगा, एवढे मिळाले तर त्या काळ्या कडेला अर्थ येतो.

तृतीयांशांच्या नियमाविषयी

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची जाळी दिसते, आणि महत्त्वाची वस्तू त्या रेघांच्या छेदावर ठेवावी असे बहुतेकांना पहिल्याच दिवशी सांगितले जाते. ‘तृतीयांशांचा नियम’ हा शब्दप्रयोग इंग्लंडमधल्या जॉन थॉमस स्मिथ या चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांच्या चित्रणाविषयी लिहिताना वापरला होता, आणि त्याचा रोख छेदबिंदूंपेक्षा प्रमाणावर होता: जमीन आणि आकाश, उजेड आणि अंधार यांचे वाटप समसमान करू नये, एकाला दोन भाग द्यावेत आणि दुसऱ्याला एक. या मूळ अर्थाने तो फार उपयोगी आहे. आकाश बोलत असेल, म्हणजे मे महिन्यातल्या वळवाच्या ढगांचे मनोरे उभे असतील, तर आकाशाला दोन भाग द्यावेत; डिसेंबरातल्या कोऱ्या निळ्या आकाशाला एक भागही जास्त होतो, तिथे पट्टीएवढे आकाश ठेवावे किंवा पूर्ण काढून टाकावे. निम्मे-निम्मे वाटप फक्त तेव्हाच करावे जेव्हा दोन्ही अर्ध्यांचे नाते हाच विषय असतो, जसे पावसानंतर कातळावर साचलेल्या पाण्यात पडलेले डोंगराचे प्रतिबिंब.

प्रकाश आणि पंचांग

आपल्याकडच्या छायाचित्रकाराने परदेशी मार्गदर्शन वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्तर युरोपात सूर्य क्षितिजाला तिरपा घासत वर येतो, त्यामुळे तिथले कोवळे ऊन पुष्कळ वेळ टिकते. राजगड १८ अंश अक्षांशाच्या थोडा वर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, ताशी साधारण १४ अंश. क्षितिजापासून पहिले ६ अंश तो २५ मिनिटांत ओलांडतो, आणि ज्याला आपण सोनेरी वेळ म्हणतो ती खरी एवढीच असते. लंडनच्या अक्षांशावर त्याच ६ अंशांना मार्चमध्ये ४० मिनिटांच्या आसपास लागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सूर्य उगवल्यावर जागा शोधायला निघालेल्या माणसाला सह्याद्रीत काहीही मिळत नाही. जागा आदल्या दिवशी ठरलेली असावी, ट्रायपॉड उजाडण्यापूर्वी लागलेला असावा, आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे व नंतरच्या पंधरा मिनिटांत काय करायचे याचा क्रम मनात असावा.

सूर्य कुठून उगवतो हेही पंचांगाप्रमाणे बदलते. आपल्या अक्षांशावर २१ जूनला तो पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २५ अंश सरकलेला असतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तितकाच दक्षिणेला. राजगडावर या सरकण्याचे परिणाम फार स्पष्ट दिसतात. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य तोरण्याच्या अंगाला मावळतो, त्यामुळे तोरणा काळा आकार होऊन उभा राहतो आणि रंग मागच्या आकाशात असतात. तेव्हा वाक्य आकाराचे हवे, पोताचे नव्हे. डिसेंबरात तोच सूर्य पन्नासएक अंश डावीकडे जाऊन मावळतो, तोरण्यावर बाजूने ऊन पडते, आणि कड्यांमधली प्रत्येक घळ, प्रत्येक सोंड सावलीने कोरल्यासारखी सुटी दिसते. पद्मावती माचीवरून दिसणाऱ्या बालेकिल्ल्याच्या कड्याचे तोंड उत्तरेकडे आहे. डिसेंबरात तो दिवसभर सावलीत राहतो, आणि उन्हाळ्यात मात्र सकाळच्या उन्हाने उजळतो. मार्चअखेरीस व एप्रिलच्या सुरुवातीला सुवेळा माचीवरून सूर्योदय पाहिला तर सूर्य पूर्वेकडच्या पुरंदरच्या अंगाने वर येतो, आणि हवा स्वच्छ असेल तर त्या किल्ल्याची धार त्याच्या पुढे उमटते. सूर्याची दिशा दाखवणारी अनेक ॲप आहेत आणि ती जरूर वापरावीत, पण वर्षभर एकाच बुरुजावर उभे राहून हे सरकणे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची समज वेगळी होते.

ऊन समोरून, पाठीमागून की बाजूने, याचा विचार करताना सह्याद्रीचा खडक लक्षात घ्यावा. हे डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचे बनलेले आहेत, आणि म्हणून आपल्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात: एक कातळाची उभी भिंत, तिच्याखाली गवताचा उतार, पुन्हा भिंत, पुन्हा उतार. पाठीमागून आलेल्या उन्हात हे थर एकमेकांत मिसळतात. बाजूच्या तिरप्या उन्हात प्रत्येक भिंतीची सावली खालच्या उतारावर पडते आणि डोंगराला त्याची घडण परत मिळते. समोरून, म्हणजे सूर्याकडे तोंड करून पाहिले तर गवत पेटल्यासारखे उजळते; ऑक्टोबर ते जानेवारीत गवत सोनेरी झालेले असताना सकाळी सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान हे एकदा तरी करून पाहावे, लेन्सवर हाताची सावली धरून.

दुपारचे रणरणते ऊन निरुपयोगी असते असे सांगितले जाते, ते अर्धे खरे आहे. दृश्ये तेव्हा सपाट होतात, हे मान्य. पण वणव्याने काळा पडलेला उतार, पांढरीफेक वाट, पानगळ झालेल्या झाडाची जमिनीवरची जाळीदार सावली यांना तेच ऊन लागते, आणि कृष्णधवल चित्रे करून पाहण्यासाठी ती वेळ चांगली असते.

धुके आणि पाऊस

पावसाळ्यात रचना उलट दिशेने करावी लागते. एरवी आपण गाळत असतो. धुक्यात सगळे आधीच गाळलेले असते आणि काय दिसू द्यायचे हे थांबून ठरवायचे असते. ढगात बुडालेल्या माचीवर एक बुरूज आणि तटाची पाच-सहा हात लांब रेघ एवढेच उरते, आणि मागे काहीच नसल्यामुळे त्यांचा आकार पहिल्यांदाच नीट दिसतो. शिकणाऱ्याने जुलैची भेट टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याचे मापक पांढऱ्या धुक्याला करडे करून टाकते, म्हणून एक्सपोजर, म्हणजे आत घेतलेला प्रकाश, पाऊण ते सव्वा स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचे वाटप दाखवणारा पडद्यावरचा आलेख, उजव्या कडेला आदळत नाही एवढे पाहावे. ओली पाने आणि ओला कातळ यांच्यावरची चमक पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चमक गाळणारा फिल्टर, फिरवून काढून टाकता येते. त्यामुळे प्रकाश दीड स्टॉपच्या आसपास घटतो, पण हिरव्या रंगाला खोली येते. वाहत्या पाण्यासाठी पाव सेकंदापासून सुरुवात करून वेग कमी-अधिक करावा. पाण्याचा पूर्ण कापूस होऊ देण्यापेक्षा धारेची दिशा ओळखू यावी, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. जवळचे फूल आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लेन्सचे छिद्र एफ/११ एवढे लहान ठेवून २ मीटरवर फोकस करावा. साधारण १ मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते.

धुक्यातला सर्वांत दुर्मीळ अनुभव इंद्रवज्राचा आहे. सूर्य पाठीमागे खाली असावा, पुढच्या दरीत ढग भरलेले असावेत, म्हणजे ढगावर आपली सावली आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळ दिसते. हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या अशा वर्तुळाचे कर्नल साइक्स याने केलेले वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्या गडावरच्या कोकणकड्याचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे तिथे याला सकाळची वेळ अनुकूल ठरते; राजगडावर संध्याकाळी पाहायचे असेल तर पूर्वेकडची दरी ढगांनी भरलेली हवी. रचनेच्या दृष्टीने सांगायचे तर वर्तुळ नेहमी आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती असते, ते हलवता येत नाही, म्हणून त्याच्याबरोबर कड्याची कोणती कडा घ्यायची एवढेच आपल्या हातात राहते. कड्याच्या टोकाकडे त्यासाठी एक पाऊलही जास्त टाकू नये.

रांगांमागच्या रांगा, आणि माणूस

हिवाळ्यात लांब लेन्स काढावी. सकाळी खोऱ्यांत धुरकट हवा साचते आणि जवळची रांग गडद, तिच्या मागची फिकी, त्यामागची आणखी फिकी, अशा पायऱ्या तयार होतात. यात रंग जवळजवळ नसतोच. सगळा खेळ छटांमधल्या अंतराचा असतो. सर्वांत गडद रांग खाली ठेवावी, तिने चौकटीला पाया द्यावा, आणि रांगांच्या धारा एकमेकींना छेदताना सारख्या अंतरावर येत नाहीत ना ते पाहावे, कारण सारख्या अंतराच्या धारा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या निर्जीव दिसतात. मला तीन ते पाच रांगा पुरेशा वाटतात. आकाश बहुतेक वेळा लागतच नाही.

माणसाचा उपयोग मापासाठी करावा. तटावरून डोक्यावर मोळी घेऊन जाणारी स्त्री, ताक विकायला निघालेले आजोबा, वाटेवरचा गुराखी हे चौकटीत आले तर किल्ल्याला आकारमान मिळते. पण ती माणसे ओळखू येतील इतकी जवळ असतील तर आधी बोलावे, विचारावे आणि मगच कॅमेरा उचलावा. घरच्या माणसाला मापासाठी उभे करायचे असेल तर लाल किंवा पिवळा सदरा एवढ्यासाठी चांगला, पण त्याला कठड्यावर, बुरुजाच्या सुट्या दगडांवर किंवा कड्याच्या टोकावर उभे करू नये. तट जुने आहेत. पायाखालचा एक दगड निखळला तर तो पुन्हा बसवला जाणार नाही. बालेकिल्ल्याची वाट उभी आणि कातळात खोदलेली आहे, त्यामुळे तिथून सूर्यास्त टिपायचा असेल तर विजेरी आणि सोबत दोन्ही हवे. पावसाळ्यात तो बेत करूच नये. मधमाश्यांची पोळी दिसली तर धूर आणि गोंगाट टाळून त्या जागेपासून लांब राहावे.

घरी बसून करायचा अभ्यास

भेटीनंतर लगेच छायाचित्रे निवडू नयेत. चार दिवस जाऊ द्यावेत. चढण्याचे श्रम, थंडी, सोबत्यांच्या गप्पा हे सारे ताजे असताना प्रत्येक चित्रात आपल्याला ते दिसत राहते, आणि पाहणाऱ्याला मात्र त्यातले काहीच दिसणार नसते. मग सगळी चित्रे अंगठ्याएवढ्या आकारात एकदम पडद्यावर मांडावीत. एवढ्या लहान आकारातही ज्यांची रचना कळते त्यांना वेगळे काढावे. त्यानंतर ती कृष्णधवल करून पाहावीत. रंग काढल्यावर जे चित्र कोसळते त्याचा आधार केवळ रंगाचा होता. शेवटी ती उलटी करावीत, डोके खाली पाय वर. डोंगर ओळखू येईनासा झाला की गडद आणि उजळ भागांचे वजन कुठे कलले आहे ते सहज दिसते.

कातरण्याचे साधन इथे शिक्षक म्हणून वापरावे. प्रत्येक निवडलेल्या चित्रात एका बाजूने कापत जावे, आणि चित्र बिघडू लागते तिथे थांबावे. जर चौथा भाग कापूनही चित्र बिघडले नाही, तर पुढच्या भेटीत तितके पुढे जाऊन उभे राहायचे आहे, असे वहीत त्या जागेच्या नावापुढे लिहावे. माझ्या वहीत संजीवनी माचीच्या दुसऱ्या टप्प्यापुढे ‘अजून पुढे’ असे तीन वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेले आहे, आणि चौथ्या वेळी मी खरोखर पुढे गेलो तेव्हा दोन तटांच्या मधली अरुंद बोळासारखी जागा सापडली. तिथे आकाशाची फक्त फटच दिसते आणि दोन्ही भिंतींवर सकाळी निरनिराळ्या रंगाचे ऊन असते.

पहिली भेट सोडून प्रत्येक भेटीतले एकच चित्र ठेवावे आणि ते पोस्टकार्डाच्या आकारात कागदावर छापून घ्यावे. बाकीची पुसून टाकण्याची गरज नाही, पण ती कोणाला दाखवू नयेत. बाराव्या भेटीचे चित्र छापून झाले की सगळी एका ओळीत टेबलावर मांडावीत आणि पहिल्या भेटीतल्या वहीतली वाक्ये काढून वाचावीत. कोणत्या वाक्याचे चित्र झाले, कोणत्या वाक्याचे अजून झालेले नाही, हे तिथे लगेच कळते. जे राहिले त्यासाठी कोणता महिना आणि कोणती वेळ लागेल हे आता आपल्याला माहीत झालेले असते. ते वाक्य नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावे आणि त्या महिन्यात त्याच बुरुजावर, उजाडण्याच्या अर्धा तास आधी, ट्रायपॉड लावून उभे राहावे.